मुक्या विहिरीची मरळ

मथुराबाईच्या विहिरीतली मरळ कुणी धरत नव्हतं, कुणी खात नव्हतं, आणि तिच्याकडं बोट दाखवून वाकडं बोलायची तर कुणाची छातीच नव्हती. मथुराबाईच्या जिभेची ख्याती कुर्डुवाडीच्या मंगळवारच्या बाजारापर्यंत पोचलेली. शाळा तिनं दुसरीपर्यंत बघितली, त्यातली पहिली खिडकीतून. पण शिकलेली माणसं तिच्यासमोर बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घेत.

मोडनिंबला तिच्या माहेरात एक चाल होती. मुलगी सासरी निघाली की आईच्या विहिरीतली एक मरळ घागरीत घालून तिच्याबरोबर द्यायची. सासरच्या विहिरीत ती आधी सोडायची, मग उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं. सोनं सासूच्या पेटीत जातं, लुगडी विरतात, भांड्यांवर दिराजावांची नावं पडतात. मासा तेवढा बाईचा राहतो.

"माज्या आयची, तिच्या आयची, आन् तिच्याबी आयची," मथुराबाई सुनांना ऐकवायची. "ती काशम्मा अक्कलकोटाच्या पल्याडची. मराठीचा एक शबुद यायचा न्हाय तिला, पर मासा घिऊन आली. तुमी काय घिऊन आलाव? कपाट."

बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या शिवारातल्या विहिरी तळाला गेल्या. हिच्या विहिरीत गुडघाभर चिखल उरला आणि त्या चिखलात मरळ तोंड वर काढून श्वास घेत पडून राहिली. मरळीचं असंच असतं. ती पाण्यात राहते, पण हवा माणसासारखी वरची घेते. लोक पाट्या घेऊन आले, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची मथुरा पायरीवर विळा घेऊन बसली होती. पाट्या रिकाम्याच परत गेल्या.

आता तिथं सिमेंटचा बंगला होता, वर सोलरची टाकी होती, आणि धनाजीनं, म्हणजे तिच्या थोरल्या लेकानं, विहिरीला जाळी बसवली होती. दोन गोष्टी मात्र बदलल्या नव्हत्या. एक, मथुराबाई बंगल्याचं पुढचं दार दुपारचं लावू द्यायची नाही. उन्हाच्या झळा आत येवोत, कुत्री येवोत. "आमच्या आयनं लावलं न्हाय, मी लावायची न्हाय." का लावलं नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि दुसरी, ती मरळ. सुना धुणं धुवायला खाली उतरल्या तर ती आपल्या पिल्लावळीत तळाशीच असायची. मथुराबाई काठावर आली की मात्र काळं डोकं वर यायचं, बुडुक आवाज करून हवा घ्यायचं आणि तसंच थांबायचं. डोळा तिच्यावर.

मथुराबाई त्या डोळ्याला भीत होती. हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात तिची नात उत्कर्षा आली. तिच्या लेकीची, लोचनाची मुलगी. सोलापूरच्या विद्यापीठात माशांवर पीएचडी करत होती, आणि मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं, मंगळवेढ्याकडच्या अभिमन्यूशी. येताना तिनं बर्फाचा डबा, चिमट्या, कात्री आणि करंगळीएवढ्या बाटल्या आणल्या. धनाजीमामाला विहिरीत जाळं टाकायला लावलं.

"मामाला कशाला उतरवलंस?" मथुराबाई म्हणाली. "तू ये की काठावर. आपोआप येती."

उत्कर्षा पायरीवर उतरली आणि खरंच बुडुक झालं. धनाजी जाळं हातात धरून बघतच राहिला. उभ्या जन्मात त्याच्यासाठी ती एकदाही वर आली नव्हती.

"शेपटीचा नखाएवढा पर कापणार आहे, आज्जी. तिला परत फुटतो."

"तुजं नाक देती का नखाएवढं? फुटंल परत."

"लग्न झाल्यावर घे," उत्कर्षा हसली आणि तिनं कापलंही. तुकडा बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाकला. मरळ धडपडली नाही. सोडल्यावर खालीही गेली नाही.

"त्या टिकलीएवढ्या कातड्यात काय बघणार तू?"

उत्कर्षानं सांगितलं. सगळ्या जिवांच्या पेशीत म्हणे बारक्या भट्ट्या असतात, अन्नाची ऊर्जा करणाऱ्या. मायटोकाँड्रिया. त्या भट्टीचा स्वतःचा डीएनए असतो, म्हणजे बारीक अक्षरांत लिहिलेली पोथी. ती पोथी फक्त आईकडून येते. आईला तिच्या आईकडून. बापाचं त्यात काही नसतं. दोन मासळ्यांची पोथी लावून बघितली की त्या एकाच आईच्या वंशातल्या आहेत की नाही ते कळतं, आणि फरक जेवढा जास्त तेवढी ताटातूट जुनी. अशा पोथ्या जुळवून ती मरळीच्या सगळ्या जातींची, गोतांची वेल काढत होती.

"बापाचं काय म्हंजे कायच न्हाय?"

"काहीच नाही."

"मग आमच्या मालकांचं नाव नुसतंच सातबाऱ्यावर," मथुराबाई म्हणाली. कैलासवासी आबासाहेब भिंतीवरच्या फोटोतून काही बोलले नाहीत. जिवंतपणीही फार बोलत नसत.

"गेल्या महिन्यात तुझ्या माहेरी मोडनिंबला जाऊन आण्णाआजोबांच्या विहिरीतल्या मरळीचा पण घेतला," उत्कर्षा डबा बंद करत म्हणाली. "तू सांगतेस ना, तुझ्या आईच्या विहिरीतली ही. आता कागदावरच दिसेल, शेजारी शेजारी. आणि ऐक, घागर मी नेणार आहे लग्नात. आईला तू दिली नाहीस. मी घेणार."

"तुज्या सासरी नळ हाय की."

"पायऱ्यांची विहीर आहे. बघून आले मी."

मथुराबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. पाण्यावरचा डोळा अजून तिथंच होता, पण आज तो तिच्याकडं नव्हता. उत्कर्षाकडं होता.

*

छपन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. सोळा वर्षांची मथुरा बैलगाडीत बसून मोडनिंबहून सासरी निघाली होती. मांडीवर घागर, घागरीत आईनं स्वतः घातलेली मरळ. पाठराखीण म्हणून आईची मावशी नागूबाई बरोबर होती. म्हातारी विधवा, पण आवाज खणखणीत. गाडीत नवऱ्याकडच्या दोघीतिघी बायका होत्या. चाक खड्ड्यात गेलं, घागर हिंदकळली आणि शालू मांडीपर्यंत भिजला.

"अगं बया," त्यातली एक म्हणाली, "नवरी आजून अंथरूण भिजिवती वाटतं."

सगळ्या हसल्या. मथुरा तेव्हाही मथुराच होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओटीतला नारळ काढून तिनं कलशावर ठेवतात तसा घागरीच्या तोंडात दाबून बसवला. फटीतनं पाणी यायला लागलं तेव्हा शिदोरीतल्या पोळीचा ओला लगदा करून भोवती लिंपला. थेंब बाहेर आला नाही. मरळीला वरची हवा लागते हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण त्या क्षणी तिला फक्त त्या बायकांचे दात दिसत होते.

दुपारी बैल सोडले तेव्हा तिनं नारळ काढला. मरळ पोट वर करून तरंगत होती.

ती रडली नाही. नागूबाईनं घागरीत एकदा डोकावून बघितलं, "पोरीला आडोशाला न्हेते" म्हणून सांगितलं आणि तिला घागरीसकट लिंबाच्या झाडामागं नेलं. तिथं एक विहीर होती. तिला मुकी विहीर म्हणत, कारण तिच्यावर रहाट नव्हता, मोट नव्हती, तिचं पाणी कुणी काढत नव्हतं. एक बाई तान्ह्या पोरीला घेऊन तिच्यात पडली होती, एवढंच मथुरेनं ऐकलं होतं. बाई कोण, कुणाची, ते कुणी बोलायचं नाही. वाटसरू तिथं पोचले की दुसऱ्या अंगानं जायचे.

नागूबाईनं मेलेला मासा लिंबाखाली पुरला, घागरीला दावं बांधलं आणि ती विहिरीत सोडली. वर ऊन रणरणत होतं आणि एक चिमणीही बोलत नव्हती. घागर पाण्याला टेकली. कलंडायच्या आधीच, पाणी आत शिरायच्या आधीच, दावं ताणलं. जड झालं.

ओढून घेतली तेव्हा आत वेटोळं करून मरळ बसली होती. फडफड नाही, काही नाही. जणू बसून वाट बघत होती.

नागूबाईचा चेहरा मातीसारखा झाला. "वटी भर," ती म्हणाली.

"कुणाची?"

"हिरीची. तूच भर. मी विधवा, माज्या हातानं चालत न्हाय."

मथुरेनं ओटीतले तांदूळ, खण आणि तो नारळ मुक्या विहिरीत टाकला. खण पाण्यावर पसरला, मग मधूनच खाली ओढल्यासारखा गेला. नागूबाईनं हात जोडले. "ह्ये तुज्या आयलाबी सांगू नगस," म्हणाली. त्यावर ती जन्मात कधी बोलली नाही, आणि दोन वर्षांनी गेलीच.

भुताला लिंबू उतरवतात, भात टाकतात. ओटी भरतात ती सवाष्णीची, माहेरवाशिणीची. हे मथुरेच्या तेव्हा लक्षात आलं होतं. पण सोळाव्या वर्षी, भिजलेल्या शालूत, कुणाला विचारायचं? तिनं घागर सासरच्या विहिरीत रिकामी केली, माप ओलांडलं आणि सगळ्यांना सांगितलं, माज्या आयची मरळ.

तिची पहिली लेक दीड वर्षाची होऊन गोवरानं गेली. दुसरी पाच वर्षांची होऊन घटसर्पानं. डॉक्टरनं रोगांची नावं सांगितली, ती मथुराबाईनं ऐकून घेतली. पण दोन्ही वेळा, ती घरातून धावत बाहेर आली तेव्हा, मरळ विहिरीच्या वरच्या पायरीवर होती. अर्धी पाण्याबाहेर. तोंड उघडं, घराकडं.

मग धनाजी आणि धाकटा असे दोन लेक झाले, आणि मागून लोचना. लोचनाला तिनं विहिरीजवळ कधी जाऊ दिलं नाही. पोरीला रेल्वे वर्कशॉपमधलं स्थळ बघून दिलं, क्वार्टरमध्ये विहीर नसते म्हणून. "नळात सोडू का मरळ?" म्हणून पाहुण्यांचं तोंड बंद केलं आणि घागर दिली नाही. लोचना जगली, तिला उत्कर्षा झाली. ह्यावरनं मथुराबाईनं जे समजायचं ते समजून घेतलं होतं. मुक्या विहिरीतली बाई लेकी नेते. आणि आता उत्कर्षा स्वतःच्या हातानं ती घागर मांडीवर घेणार होती.

त्या दीड महिन्यात ती देवाजवळ एकच मागत राहिली. उत्कर्षाच्या त्या मशिनला माझं खोटं पकडू दे. कागदावर दोन्ही मासे एकमेकांना परके निघू देत, म्हणजे पोरगी आपणहून घागर नाकारेल. छपन्न वर्षांचा ताठा मोडेल, सुना पदराआड हसतील. हसू देत.

*

लग्नाचा बस्ता बांधायला मथुराबाई आणि लोचना सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात गेल्या. माडीवर पांढरी गादी, एसी, आणि समोर साड्यांचा ढीग. नोकर एकेक साडी झटक्यानं उलगडून दाखवत होता.

"ह्यो रंग हाय का वरणाचा डाग?" मथुराबाई म्हणाली. "काड दुसरी."

"आये, त्यांनी पन्नास काढल्या," लोचना म्हणाली.

"मग एकावन्नावी काडंल. दुकान त्येचं हाय, मी काय ढिगाऱ्याखाली मरत न्हाय."

उत्कर्षा विद्यापीठातून थेट तिथं आली. चप्पल काढून गादीवर बसली आणि पिशवीतून कागद काढला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

"आज्जी, मरळीचं आलं."

"थांब," मथुराबाई म्हणाली. "तू वाचायच्या आदी मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. घागर, नारळ, पोळीचा लगदा, मुकी विहीर. ओटीचं सोडून सगळं. आवाज खाली न आणता, साडीचा पोत बघत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. नोकराच्या हातातली साडी अर्धीच उलगडलेली राहिली.

"ती माज्या आयची न्हाय," ती शेवटी म्हणाली. "त्या हिरीतली हाय. तिनं माज्या दोन लेकी खाल्ल्या. म्हणून लोचनाला दिली न्हाय आन् तुलाबी देनार न्हाय. कागदावर तेच आसंल. वाच."

लोचना आईकडं बघत राहिली. "छपन्न वर्षं लपवून ठेवलंस," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर तुझा जीव नाही, म्हणून घागर नाही दिलीस."

मथुराबाई समोरच्या साडीची घडी पुन्हा घालायला लागली.

उत्कर्षानं कागद दोन साड्यांच्या मध्ये पसरला. त्यावर आडवी वेल काढलेली होती, फांद्या आणि बारीक नावं. "ही मोठी फांदी बघ. सीनेतल्या, उजनीतल्या, हिप्परग्याच्या तळ्यातल्या मरळी. सगळ्या एकमेकींच्या जवळच्या. आणि ही बारीक फांदी, सगळ्यांपासून लांब. आपल्या भागात असली मरळ कुठंच नाही. तिच्यासारखी थोडीफार सापडते ती पार खाली, कर्नाटकात. ह्या फांदीवर दोनच नावं आहेत."

"कुनाची?"

"मोडनिंबची विहीर. आणि तुझी. एका अक्षराचाही फरक नाही, आज्जी."

एसीचं वारं मथुराबाईच्या मानेवर आलं. "मशीन चुकलं."

"मीही तेच म्हणाले. दोनदा केलं."

"आगं, मी माज्या डोळ्यानं मेलेली बघितली. माज्या हातानं दुसरी काडली."

"ते खरं असेल. पण मग मुक्या विहिरीतल्या मरळी काशम्माच्या वंशातल्या होत्या." उत्कर्षाचं बोट कागदावरच होतं. "त्या विहिरीला नदी नाही, ओढा नाही. कर्नाटकातला मासा तिथं चालत गेला नाही. तुमच्यासारख्याच कुणीतरी घागरीत घालून नेला. तुझ्याही आधी, काशम्माची कुणीतरी मुलगी त्या गावात सून म्हणून गेली होती."

नोकरानं साडी हळूच खाली ठेवली. मथुराबाईला दुकान दिसेनासं झालं. तिला खण दिसला, पाण्यावर पसरलेला, मधून खाली ओढलेला. वटी भर. मी विधवा, माज्या हातानं चालत न्हाय.

"उटा," ती म्हणाली. "मोडनिंबला जायाचंय."

*

मथुराबाईचा भाऊ आण्णा ऐंशीचा. मोडनिंबला हायवेच्या कडेच्या घरात बाजेवर पडून असायचा. पुढचं दार सताड उघडं, आणि दारातून ट्रकांची धूळ सरळ त्याच्या अंथरुणावर.

"आण्णा, मुक्या हिरीत पडली ती बाई कोण?"

आण्णानं उशीवरून मान उचलली. "नागूबाई बोलली व्हती का?"

"मासा बोलला," मथुराबाई म्हणाली. "तू बोल."

"आपली मावशी," आण्णा म्हणाला. "आयची थोरली भैन. केराबाई." मग ओठ पुसले, जणू नाव तोंडातून सांडलं होतं. "सासरी लई मारायची गं तिला. पोरगी झाली म्हणून. माहेर लई लांब, कुटं जानार? आयकडं यायची. दोनदा आली. आयनं दोन्ही येळा जेवायला वाडलं, डोकं इंचरलं आन् परत धाडली. आपल्या बापाचा धाक व्हता. तिसऱ्या येळंला भर दुपारी आली. मी पाच वर्साचा. तू जन्मायची व्हतीस. आयनं आतनं कडी लावली."

"मग?"

"कडी वाजत व्हती. 'आगं उगड, पोरीला तान लागलीया,' म्हनायची. मी 'मावशी' म्हनायला गेलो तर आयनं माज्या तोंडावर हात दाबला. लई येळ वाजत व्हती." आण्णानं डोळे मिटले. "मग थांबली."

बाहेरून एक ट्रक गेला.

"त्या दिसापासनं आयनं दुपारचं दार लावलं न्हाय. मीबी लावत न्हाय."

मथुराबाई वळून त्या उघड्या दाराकडं बघायला लागली. तिच्या स्वतःच्या घराचं दार छपन्न वर्षं उघडं होतं, आणि कुणासाठी ते तिला आज कळत होतं.

"ती हीर कुटं हाय आता?" तिनं विचारलं.

"तिच्या सासरच्या रानातली हीर ती, बुजवली की. चौपदरी रस्ता झाला तवा. वरनं गाड्या जात्यात."

परत येताना गाडीत उत्कर्षा म्हणाली, "आज्जी, त्या विहिरीतलं जे काही उरलंय, ते आता फक्त तुझ्या विहिरीत आहे."

"कळतंय मला," मथुराबाई म्हणाली. "पीएचडी न्हाय केली तरी."

*

लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मथुराबाई विहिरीच्या पायऱ्या उतरली. गुडघे कुरकुरत होते. मागून उत्कर्षा घागर घेऊन, आणि तिच्या मागून लोचना. ती जन्मात पहिल्यांदा त्या पायऱ्यांवर पाय ठेवत होती. वर धनाजी उभा होता, त्याला मथुराबाईनं सांगितलं होतं, "तू खाली येऊ नगस. बापयाचं काम न्हाय."

डोकं वर होतंच. काळं, चकचकीत. बुडुक झालं, आणि डोळा थांबला.

मथुराबाईनं ताटातले तांदूळ, खण, नारळ, हिरव्या बांगड्या पाण्यात सोडल्या. मग पदराआडून एक झबलं काढलं, विताएवढं, पिवळं, तिनं स्वतः हातानं शिवलेलं. तेही सोडलं.

"केरामावशी," ती म्हणाली. "मी तुज्या भैनीची मथुरा."

पाणी हललं नाही.

"आमच्या आयनं दार उगडलं न्हाय. ती मेली, तिच्या वतीनं मी बोलते. माज्या दोन तू न्हेल्यास का रोगानं न्हेल्या, मला ठावं न्हाय. न्हेल्या आसशील तर त्या तुज्यापाशी हायत, नीट संबाळ. न्हाय न्हेल्या आसशील तर मी इतकी वर्सं तुज्या नावानं बोटं मोडली, ते पोटात घाल." तिचा आवाज अजून खणखणीतच होता. "ही उत्कर्षा. उद्या सासरी चाललीया. तुला एकटी धाडली, तसं हिला धाडायचं न्हाय. हिची पाठराखीण तू. जाशील न्हवं?"

उत्कर्षानं घागर पाण्यावर टेकवली. कलंडायच्या आधीच ती जड झाली.

वर ओढली तर आत मरळ वेटोळं करून बसलेली, आणि तिच्या पोटाशी बोटाएवढं एक पिल्लू, शेंदरी रंगाचं.

"हे कसं," उत्कर्षा पुटपुटली. "मरळीची पिल्लं पावसाळ्यात असतात. मे महिन्यात नाही. आणि असली तर शंभर असतात, एक नाही."

"कात्री आन. बग कुनाचं हाय ते."

उत्कर्षानं घागरीत बघितलं. कात्री आणायला ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी गाडीत घागर तिच्या मांडीवर होती. तोंडावर नारळ नव्हता, फडकं नव्हतं, काही नव्हतं. पहिल्याच गचक्याला पाणी शालूवर सांडलं. नवऱ्याच्या आत्यानं तोंड उघडलं, पण मथुराबाई काचेत वाकलेली होती.

"भिजू द्या," ती म्हणाली. "शालू वाळतो."

आत्यानं तोंड मिटलं.

चार दिवस फोन आला नाही. मथुराबाई चार दिवस नीट जेवली नाही आणि ते कुणाच्या लक्षातही येऊ दिलं नाही. सुनांना उलट जास्तच बोलली. दुपारी जाऊन विहिरीच्या काठावर उभी राहायची. पाणी नुसतं पाणी होतं. खाली मरळी होत्या, त्यांच्या पाठी दिसायच्या, पण वर कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी उत्कर्षाचा फोन आला. बरी होती. घागर पहिल्याच दिवशी सोडली, दोन्ही मरळी पायरीजवळच असतात, सासूबाई भात टाकतात. अभिमन्यू चांगला आहे. स्वयंपाकात तिखट फार.

"आन् काय?"

पलीकडं उत्कर्षानं आवाज खाली आणला.

"आज्जी, इथं दुपारी सगळे दारं लावून झोपतात. ऊन फार ना. काल कुणीतरी कडी वाजवली. खूप वेळ. घरातलं कुणी उठलं नाही, सासूबाई म्हणाल्या वारा असेल. वारा नव्हता."

मथुराबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. "मग?"

"मी उघडलं. कुणी नव्हतं. उंबरा तेवढा ओला होता."

"उगडलंस न्हवं?"

"उघडलं."

"मग झालं," मथुराबाई म्हणाली. "दुपारचं उंबऱ्यावर तांब्याभर पानी ठिवत जा. पोरीला तान लागती."

तिनं फोन ठेवला. बाहेर वैशाखाची झळ अंगणातून सरळ आत येत होती, आणि धाकटी सून आडून म्हणत होती की आता तरी दार लावायला काय हरकत आहे. मथुराबाई उठली. कडीला हात घातला, आणि तसाच काढून घेतला.

माहेरवाशिणी कधी येतील, काय नेम.